घराखालची जमीन
(बाळकुम, ठाणे येथे भरलेल्या सहायक-सभासदांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



दर तिमाहीला आपण भेटतो तेव्हा मी कामाचा अहवाल देतो: किती मुलं वसतिगृहात आली, किती ब्लँकेटं वाटली, आरोग्य शिबिराला किती लोक आले. आज मी आकड्यांचा अहवाल देणार नाही. एका वाडीची गोष्ट सांगणार आहे, आणि तिच्यासोबत माझी एक चूकही कबूल करणार आहे.

आपण बाळकुममध्ये बसलो आहोत. इथली मूळ कोळी आणि आगरी मंडळी आपल्यात आहेत. बाळकुम, ढोकाळी, कोलशेत ही गावं तुमच्या डोळ्यांदेखत बदलली. शेतं गेली, कारखाने आले, मग कारखानेही गेले आणि टॉवर उभे राहिले. आमच्या गावठाणाची, कोळीवाड्याची हद्द आखून द्या, ही मागणी ठाण्यातल्या भूमिपुत्रांनी वर्षानुवर्षं केली आहे. पिढ्यान्‌पिढ्या राहत असलेल्या जागेचा कागद नसणं म्हणजे काय, हे तुम्हाला मी शिकवायला नको. म्हणून ही गोष्ट तुम्हाला लवकर कळेल.

ही वाडी शहापूर तालुक्यातली. नाव सांगत नाही, कारण प्रकरण अजून चालू आहे. तेवीस घरं, सगळी कातकऱ्यांची. कुडाच्या भिंती, वर कौलं किंवा पत्रे. वाडीतली सर्वांत म्हातारी आजी सांगते की तिचा जन्म इथलाच आणि तिच्या सासऱ्याची माती इथंच झाली. पण सातबाऱ्यावर नाव मालकाचं. पूर्वी त्या मालकाच्या शेतावर काम करायला माणसं हवी होती, म्हणून त्याच्या आजोबांनी ही वस्ती बसवून घेतली. आता शेती उरली नाही, माणसंही नको झाली. जमिनीला मात्र भाव आला.

कातकरी हे नाव कातावरून पडलं. खैराच्या झाडापासून कात काढणं हा यांचा जुना धंदा. जंगलावर सरकारी बंधनं आली आणि तो धंदा बुडाला. मग कोळसा पाडणं, मग शेतमजुरी, मग वीटभट्टी. महाराष्ट्रात केंद्र सरकारने विशेष असुरक्षित ठरवलेले आदिवासी समाज तीनच आहेत: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. त्यांतला एक समाज आपल्या ठाणे जिल्ह्यात, तुमच्या-आमच्या दारात आहे.

दिवाळी झाली की वाडीला कुलपं लागतात. पावसाळ्यात मालकाकडून उचल घेतलेली असते. ती फेडायला नवरा-बायकोची जोडी भिवंडी, कल्याणकडच्या भट्टीवर जाते. हजार विटांमागे मजुरी ठरते. पावसाच्या तोंडावर हिशेब होतो, आणि बऱ्याच वेळा उचल फिटलेलीच नसते. या इमारतीच्या भिंतीतली वीट कोणी थापली, हे आपल्याला माहीत नाही. पण ती थापणाऱ्याच्या स्वतःच्या घराला वीट नाही, एवढं मी पाहिलं आहे.

आता माझी चूक. सहा वर्षं आम्ही त्या वाडीला पावसाआधी पत्रे आणि ताडपत्री दिली. तुमच्याच देणग्यांतून. फोटो काढले, याच पत्रिकेत छापले. सहा वर्षांत मी एकदाही विचारलं नाही की पत्रा ज्या घरावर टाकतोय, त्या घराखालची जमीन कोणाची. एका मे महिन्यात वाडीतली माणसं भट्टीवरून परत आली, तर वाडीभोवती सिमेंटचे खांब आणि तारेचं कुंपण. जमिनीचा सौदा झाला होता. आमचे दिलेले पत्रे एका बाजूला रचून ठेवले होते, व्यवस्थित. ते पाहून मला जी लाज वाटली ती अजून गेलेली नाही.

आणि एवढंच नाही. त्याच्या दोन वर्षं आधी मी स्वतः मुरबाडकडे निवृत्तीनंतरसाठी एक प्लॉट पाहायला गेलो होतो. स्वस्त होता. कडेला पाच-सहा झोपड्या दिसल्या. एजंट म्हणाला, "साहेब, त्यांची काळजी नको, ते उठतील." पैसे जमले नाहीत म्हणून मी तो घेतला नाही. मला वाईट वाटलं म्हणून नव्हे, पैसे जमले नाहीत म्हणून. नाबोथाच्या द्राक्षमळ्याची कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. ती ऐकताना आपण नेहमी नाबोथाच्या बाजूला उभे राहतो. त्या दिवशी मी अहाबाच्या बाजूला उभा होतो आणि मला ते कळलंही नाही.

कुंपण पडलं त्याच सुमाराला वाडीच्या नावाने चांगली बातमीही आली होती. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी पंतप्रधान जनमन योजना सुरू झाली. तिच्यात अशा असुरक्षित समाजांतल्या कुटुंबाला पक्क्या घरासाठी २ लाख रुपये मिळतात. साध्या ग्रामीण घरकुलाला सपाट प्रदेशात १ लाख २० हजार मिळतात, त्यापेक्षा हे जास्त. शिवाय शौचालयासाठी वेगळे १२ हजार आणि रोजगार हमीची मजुरी. राज्याची शबरी आदिवासी घरकुल योजनाही आहे. म्हणजे पैसा आहे. वाडीतल्या बहुतेकांची नावं यादीत होती. पण घर बांधायचं कशावर? ग्रामसेवक म्हणाले, जागेचा कागद आणा. कागद नाही तर हप्ता नाही.

बंधुभगिनींनो, गरिबाचं घर असं अडतं. विटा-सिमेंट नंतर येतात, आधी जमीन लागते. आणि जमिनीची अडचण प्रत्येक वाडीत वेगळी असते. आम्हाला हे उशिरा कळलं, म्हणून तुम्हाला सोपं करून सांगतो.

वाडी वनजमिनीवर असेल तर २००६ चा वनहक्क कायदा आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा ताबा दाखवला तर हक्क मिळतो, आणि तो नवरा-बायको दोघांच्या नावे मिळतो. सप्टेंबर २०२० मध्ये राज्यपालांनी पाचव्या अनुसूचीतले अधिकार वापरून अनुसूचित क्षेत्रापुरता या कायद्यात बदल केला. त्यामुळे गावाला लागून असलेल्या वनजमिनीवर राहत्या घरांसाठीही वाट मोकळी झाली. वाडी सरकारी किंवा गायरान जमिनीवर असेल तर ग्रामीण भागातली १ जानेवारी २०११ पर्यंतची राहती घरं नियमित करण्याचं राज्याचं धोरण आहे. आणि अजिबातच जागा नसेल तर पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजनेतून जागा घ्यायला मदत मिळते. सुरुवातीला ती ५० हजारांपर्यंत होती. ५० हजारांत शहापुरात किती जागा येते, ते तुम्हीच सांगा.

आमची वाडी खाजगी जमिनीवर. त्यासाठी १९४८ चा कुळकायदा आहे, आणि तो आम्ही कधी उघडूनही पाहिला नव्हता. त्याचं सोळावं कलम म्हणतं की गावात कुळाने स्वतःच्या खर्चाने घर बांधलं असेल तर मालकाला त्याला तिथून काढता येत नाही. घर कुळाच्या खर्चाने झालं नाही, हे मालकाने सिद्ध करायचं. सतरावं कलम म्हणतं की मालकाला ती जागा विकायची असेल तर पहिला हक्क त्या घरात राहणाऱ्याचा, आणि किंमत न्यायाधिकरण ठरवणार. अठरावं कलम हेच संरक्षण शेतमजुरांना आणि कारागिरांना देतं. पंचाहत्तर वर्षांहून जुना कायदा आहे हा. वाडीतल्या कोणालाही तो कोणी सांगितला नव्हता. आम्ही पत्रे वाटत होतो.

मग कागद गोळा करायला लागलो. रेशनकार्ड, मतदार यादी, जुन्या घरपट्टीच्या पावत्या, अंगणवाडीची नोंद, शाळेच्या दाखल्यावरचा पत्ता. आजीची साक्ष लिहून घेतली. तिने आंब्याचं झाड दाखवलं, तिच्या लग्नात लावलेलं. आपल्या मंडळीतल्या एका निवृत्त तलाठीभाऊंनी फेरफार काढून दिले, एका वकील ताईंनी फी न घेता अर्ज लिहिला. तहसील कार्यालयात आम्ही किती वेळा गेलो ते मोजलं नाही. वाडीतल्या बाया मजुरी बुडवून आल्या. एक दिवस गेला की त्या दिवसाची चूल थांबते, हे लक्षात घ्या.

ग्रामसभेचा ठराव हवा होता. इथे आणखी एक गोम. ग्रामसभा २६ जानेवारीला आणि १ मे रोजी भरते, आणि त्या दोन्ही दिवशी वाडी भट्टीवर असते. घरांची पाहणी करणारे येतात तेही उन्हाळ्यात. कुलूप दिसलं की 'कायमचे स्थलांतरित' असा शेरा पडतो आणि नाव कटतं. आमच्या वाडीतली चार नावं अशी कटली होती. शेवटी १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला सगळी वाडी हजर राहिली. बाया पुढे बसल्या. ठराव झाला.

आज स्थिती अशी आहे. कुंपण काढलं गेलं, घरं हलवायला मनाई आहे. जागा विकत घेण्याच्या अर्जाचा निकाल यायचा आहे. घरकुलाचा हप्ता मिळालेला नाही. म्हणजे आम्ही जिंकलो असं मी म्हणणार नाही. पण आजी या पावसाळ्यात स्वतःच्या घरात आहे.

आता पोटाचं. जमीन मिळाली आणि उचल तशीच राहिली, तर दिवाळीनंतर त्या पक्क्या घरालाही कुलूपच लागणार. म्हणून घराबरोबर कमाई हवी. याच शहापूर तालुक्यात कातकरी तरुणांनी गुळवेल गोळा करून, वाळवून विकायचा धंदा वनधन केंद्राच्या मदतीने उभा केला, आणि मोठ्या आयुर्वेदिक कंपन्यांकडून मागण्या मिळवल्या. गौण वनोपजावरची मालकी वनहक्क कायद्याने दिलेलीच आहे. आमच्या वाडीतल्या बायांचा बचत गट आहे. त्याचं पहिलं उद्दिष्ट मी ठरवलं नाही, त्यांनीच ठरवलं: पावसाळ्यातली उचल मालकाकडून न घेता गटातून घ्यायची. रक्कम लहान आहे. पण ज्या घरांनी गटातून पैसे घेतले, ती घरं भट्टीवर जायचं की नाही आणि कोणत्या दराने, हे स्वतः ठरवू लागली.

एक वाडी वाचवायला आम्हाला एवढं लागलं. अशा वाड्या ठाणे, रायगड, पालघरमध्ये जागोजागी आहेत. एकेका वाडीमागे एकेक वकील आपण कुठून आणणार? म्हणून हा प्रश्न मंत्रालयात न्यावा लागेल.

मे २०२५ मध्ये राज्याने नवं गृहनिर्माण धोरण मंजूर केलं, 'माझे घर, माझा अधिकार'. २०३० पर्यंत ३५ लाख घरांचं लक्ष्य आहे. शहरांत मोठ्या भूखंडांवर २० टक्के घरं दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवण्याचा नियमही आहे, आणि म्हाडाच्या सोडतीत आपल्या बाळकुमचं नाव तुम्ही वाचलं असेल. चांगलंच आहे. पण सोडतीचा अर्ज भरायला अनामत रक्कम, उत्पन्नाचा दाखला, बँकेचं खातं लागतं. बाळकुमच्या इमारतींसाठी वीट थापणारी जोडी त्या रांगेत उभीही राहू शकत नाही. तिचं घर तिच्या वाडीतच व्हायला हवं.

आमच्या निवेदनात तीन मागण्या आहेत. पहिली, प्रत्येक कातकरी वाडीची मोजणी करून जमीन महसूल संहितेखाली तिला गावठाणाचा दर्जा द्यावा. दुसरी, पाहणी आणि ग्रामसभा वाडी घरी असेल तेव्हा, म्हणजे पावसाळ्यात घ्याव्यात. तिसरी, घरकुल मंजूर करण्याआधी जागा मिळवून देण्याची जबाबदारी प्रशासनाने घ्यावी, लाभार्थ्यावर टाकू नये.

सलाफहादाच्या पाच मुली आठवा. त्यांनी कोणाकडे भिक्षा मागितली नाही. मोशे, याजक आणि सगळ्या सरदारांसमोर उभं राहून बापाच्या वाट्याची जमीन मागितली. आणि त्या पाचजणींना जमीन मिळाली, तसाच पुढच्या सगळ्यांसाठी नियमही बदलला. आपण मागतोय तेही असंच काहीसं.

तुमच्याकडून काय हवं? पत्रे नकोत असं मी म्हणत नाही, पाऊस थांबत नाही. पण निवेदनावर सही करा आणि तुमच्या आमदारांना स्वतः भेटून द्या. महसूल खात्यात काम केलेल्यांनी महिन्याचा एक दिवस आम्हाला द्या. आणि कोणी शहापूर-मुरबाडकडे प्लॉट पाहायला जात असाल तर सातबारा पाहण्याआधी कडेच्या झोपड्यांत जा, पाणी मागा, आणि विचारा, तुम्ही इथे कधीपासून राहता? उत्तर ऐकल्यावर तो प्लॉट घ्यायचा की नाही, ते तुम्ही आणि प्रभू ठरवा.

पुढच्या मेळाव्याला आजीला घेऊन येईन म्हणतो. तिने एकच विचारलं, "तुमच्या तिकडे आमच्या विटा दिसतात का?" मी म्हटलं, दिसत नाहीत, वरून रंग दिलेला असतो. तुम्ही तिला काही वेगळं उत्तर देऊ शकलात तर मला आनंद होईल.