ताकद आहे, शिस्त हवी
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



मकरपुऱ्याच्या शेडमध्ये पत्रा कापणारं लेझर यंत्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. पूर्वी या कामाला कार्बन डायऑक्साइडचा लेझर असे. तो १९६४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये कुमार पटेल यांनी तयार केला. आडनाव पटेल, पण जन्म बारामतीचा आणि इंजिनिअरिंग पुण्याचं. म्हणजे आपल्या बडोदेकर मराठी घरांची अगदी उलटी गोष्ट!

आता फायबर लेझर आले. त्यांना प्रकाश पुरवतात त्या तांदळाच्या दाण्याएवढ्या सेमीकंडक्टर चिप. घेतलेल्या विजेपैकी निम्म्याहून अधिक विजेचा त्या प्रकाश करतात. मग तोच प्रकाश थेट पत्र्यावर का सोडत नाहीत? मध्ये फायबर घालून आणखी थोडी वीज का घालवायची?

चतुर्थीच्या सकाळी खंडेराव मार्केटमधून हार-दूर्वा घेऊन निघणारी गर्दी आठवा. अरुंद बोळातून माणसं एकामागे एक जातात. दार रुंद असलं की जास्त माणसं निघतात, पण ज्याची त्याची दिशा वेगळी. चिपचंही तसंच. प्रकाश वाढवायचा तर तिचा पट्टा शंभर मायक्रॉन, म्हणजे साधारण केसाच्या जाडीइतका रुंद करावा लागतो. मग आत प्रकाशाचे अनेक प्रवाह तयार होतात आणि भिंग कितीही चांगलं लावा, बारीक ठिपका काही पडत नाही. त्यात पट्ट्याचा मधला भाग जास्त तापतो आणि स्वतःच एक वेडंवाकडं भिंग होऊन बसतो. उभ्या दिशेला प्रकाश खूप फाकतो, पण शिस्तीत. एका बारीक दंडगोल भिंगाने तो सरळ होतो. खरं दुखणं आडव्या दिशेचं.

एक उपाय नरसाळ्याच्या आकाराच्या चिपचा. सुरुवातीला बोळ, पुढे हळूहळू रुंदावणारा रस्ता. बोळात लागलेली रांग लेझीम पथकासारखी पुढेही टिकते. दुसरा उपाय, किंचित वेगवेगळ्या रंगांच्या अनेक चिपचे झोत जाळीने एकावर एक आणायचे. लोलक उलटा वापरावा तसं.

मला सर्वात आवडतो तो क्योटो विद्यापीठातल्या सुसुमु नोदा यांच्या गटाचा मार्ग. चिपमध्ये अतिसूक्ष्म छिद्रांची जाळी कोरायची, म्हणजे सगळ्या लहरी एका ठेक्यात येतात आणि प्रकाश कडेऐवजी पृष्ठभागातून सरळ वर निघतो. २०२३ मध्ये त्यांनी तीन मिलिमीटर व्यासाच्या अशा लेझरमधून पन्नास वॅटचा, जवळजवळ न फाकणारा झोत काढला. जाड पत्र्याला मात्र किलोवॅट लागतात. तिथवर जायचं तर चिप आणखी मोठी करावी लागेल, आणि मोठ्या चिपमध्ये पुन्हा आडवी येते ती उष्णताच.