कणगीतले धान्य आणि मोटारीचे तेल



आज पंपावर जे पेट्रोल मिळते, त्यात सुमारे पाचवा हिस्सा मद्यार्काचा असतो. त्याला इथेनॉल म्हणतात. उसाचा रस, साखर कारखान्यातली मळी, मका किंवा तांदूळ आंबवून तो काढतात. २०१८ साली केंद्र सरकारने जैवइंधनाचे राष्ट्रीय धोरण ठरविले. पेट्रोलमध्ये शेकडा २० इथेनॉल मिसळण्याची मुदत आधी २०३० ची होती. ती २०२२ मध्ये अलीकडे आणली आणि २०२५ मध्ये तेवढे मिश्रण साधलेही. परदेशी तेलावरचा खर्च वाचावा, शेतकऱ्याच्या मालाला भाव मिळावा, धूर कमी व्हावा, हे हेतू चांगले आहेत. आपण विचारायचे ते एवढेच, की हे इंधन कशातून येते आणि कोणाच्या जमिनीतून येते?

तलासरीचा शेतकरी म्हणेल, ‘आमच्याकडे ना ऊस, ना साखर कारखाना. आम्हाला याचे काय?’ पण संबंध आहे, आणि तो रेशनच्या दुकानातून आहे. डहाणू-तलासरीत बहुतेकांची भातशेती पावसावरची, एका पिकाची. लहान शेतकऱ्याची कणगी पुढचे पीक येण्याआधीच रिकामी होते. भात झोडून झाले की कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जगायला बाहेर पडतात. अशा घराला आधार रेशनच्या तांदळाचा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिना ५ किलो धान्य आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो मिळते. हे धान्य भारतीय अन्न महामंडळाच्या कोठारांतून येते. त्याच कोठारांतला तांदूळ आता मद्यार्काच्या कारखान्यांनाही विकला जातो. २०२४-२५ च्या हंगामासाठी असा ५२ लाख टन तांदूळ मंजूर झाला होता.

गुरुजींनी हे गणित वर्गात जरूर घालावे. एक टन तांदळापासून सुमारे ४५० लिटर इथेनॉल निघते. म्हणजे एका लिटरला सव्वादोन किलो तांदूळ. मोटारीची टाकी ४० लिटरची धरली, तर तिच्यात इथेनॉल ८ लिटर. ते सगळे तांदळाचे असेल तर तांदूळ झाला १८ किलो. एका माणसाचे साडेतीन महिन्यांचे रेशन एका टाकीत गेले! आणि माणशी वर्षाला ६० किलो धरले, तर ५२ लाख टन तांदूळ साडेआठ कोटींहून अधिक माणसांना वर्षभर पुरेल.

आता याचा अर्थ असा करू नका, की तेवढी माणसे उपाशी राहिली. त्या हंगामात कोठारे भरलेली होती आणि पडून नासण्यापेक्षा तांदूळ कामी आला, हे म्हणणे खोटे नाही. पण त्याच्या आदल्या वर्षी काय झाले? २०२३ मध्ये पाऊस दगा देईल अशी चिन्हे दिसताच जुलैत कारखान्यांचा तांदूळ बंद करावा लागला, आणि डिसेंबरात उसाच्या रसावर बंदी आली. पुढे २०२४ मध्ये, एरवी मका निर्यात करणाऱ्या आपल्या देशाला तो बाहेरून आणावा लागला. कोंबड्यांचे खाद्यही मक्याचेच ना! कारखाना एकदा उभा राहिला की त्याला दरसाल माल लागतो. पाऊस मात्र दरसाल सारखा पडत नाही.

जमिनीचेही तसेच. मोगली एरंडापासून डिझेल काढण्याची मोठी योजना २००३ च्या सुमारास निघाली. २००९ च्या धोरणात तर २०१७ पर्यंत शेकडा २० मिश्रणाचे उद्दिष्ट होते. ही झाडे ‘पडीक’ जमिनीवर लावायची होती. पाण्या-खतावाचून त्यांना पुरेसे बी येईना आणि योजना बसली. पण पडीक म्हणजे कोणती जमीन? आपली वरकस जमीन कागदावर पडीक दिसते. तिच्यावर नागली येते, वरई येते, उडीद येतो, गुरांना गवत मिळते, पावसाळ्याच्या तोंडी रानभाज्या मिळतात. मोगली एरंडाला गुरे तोंड लावीत नाहीत. म्हणून तर तो कुंपणाला लावतात. आणि पाण्याचे म्हणाल, तर उसापासूनच्या एका लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी लागते, असा नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालाचा हिशेब आहे. घाटावरच्या दुष्काळी तालुक्यांनी हे पाणी कोठून आणावे?

खाण्याच्या वस्तूकडे केवळ मद्यार्काच्या नजरेने पाहिले की काय होते, हे या भागाला पूर्वीपासून ठाऊक आहे. मोहाची फुले ही गरिबाची टंचाईतली भाकर. पण त्यांची दारूही होते, आणि त्या दारूने सरकारचा अबकारी महसूल बुडत होता. म्हणून १८९२ साली इंग्रज सरकारने कायदा करून ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत ही फुले बाळगण्यावर बंधने आणली. डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. सरकारला फुलात दारू दिसली, भाकर दिसली नाही.

तेव्हा जैवइंधन नकोच असे कोणी म्हणू नये. मळी आहे, शेण आहे, खरोखर नासलेले धान्य आहे. त्यांचे इंधन अवश्य व्हावे. फक्त क्रम चुकू नये. आधी माणूस, मग गुरे, मग माती, आणि यांतून उरेल ते मोटारीला. हा क्रम कोठारे भरलेली असतानाच नियमात लिहून ठेवावा. पाऊस गेल्यावर धावपळीने बंदी घालण्यात कारखानदाराचेही हित नाही.

डहाणू आणि तलासरी हे अनुसूचित क्षेत्र आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने इथल्या ग्रामसभेला आपल्या साधनसंपत्तीविषयी बोलण्याचा अधिकार दिला आहे. उद्या कोणी इंधनाच्या पिकासाठी पडीक जमीन मागायला आला, तर ग्रामसभेत एवढेच विचारा: ‘या जमिनीवर कालपर्यंत काय पिकत होते, आणि ते कोण खात होते?’ वारली माणूस धान्याला कणसरी म्हणतो, देवी मानतो. त्या देवीचा पहिला नैवेद्य माणसाच्या ताटातच पडला पाहिजे.