वाघाचं डोकं कुणाच्या धडावर?

(नांदेड येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



पत्रिकेवर विषय 'अर्धमानव राक्षस' असा छापलाय. पहिल्या रांगेतले दोघे-तिघे टाळ घेऊन आल्यासारखे दिसतात, म्हणून आधीच सांगतो. आज राक्षस येणार आहेत, नरसिंह येणार आहे, खंडोबाही येणार आहे. पण सुरुवात होणार आहे लातूरच्या एका वसतिगृहातल्या खोलीतून.

माझा भाचा तिथं नीटची तयारी करतो. लातूर पॅटर्न तुम्हाला मी काय सांगायचा! रविवारी सकाळी परीक्षा, दुपारी झोप आणि संध्याकाळी ही चार-पाच लेकरं खोलीत गोल करून बसतात. मध्ये वीस बाजूंचा फासा. एकजण गोष्ट सांगतो, म्हणजे तुम्ही जंगलात आलात, समोर पडका वाडा आहे, आता काय कराल? बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीनं उत्तर देतात आणि घाव बसला की हुकला ते फासा ठरवतो. सारीपाट आणि कीर्तन एका सतरंजीवर बसवलं तर जे होईल, ते हे. खेळाचं नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी तो 1974 साली बाजारात आणला.

या खेळाला राक्षसांचा कोश आहे. कोणता जीव कसा दिसतो, काय खातो, कशानं मरतो, सगळं नोंदलेलं. भाच्यानं त्यातलं एक पान मोबाइलवर माझ्यापुढं धरलं. अंगात भरजरी झगा, थाट संस्थानिकाचा, आणि मानेवर वाघाचं डोकं. नाव वाचलं तर 'राक्षस'. आपलाच शब्द, जसाच्या तसा. भाचा म्हणाला, "मामा, हा आपला आहे ना? मग हा वाघ कसा?"

मला उत्तर आलं नाही. चाळीस वर्षं इतिहास शिकवून उत्तर आलं नाही, म्हणून आज इथं उभा आहे.

आधी हा वाघ तिकडे कसा गेला ते बघू. 1974 च्या डिसेंबरात अमेरिकन दूरचित्रवाणीवर 'कोलचॅक: द नाइट स्टॉकर' या मालिकेचा एक भाग लागला. त्यात शिकागोत एक राक्षस माणसं खात हिंडतो. तो समोरच्याच्या विश्वासातल्या माणसाचं रूप घेतो आणि जवळ गेलं की झडप घालतो. एक म्हातारा भारतीय मंतरलेले बाण घेऊन आयुष्यभर त्याच्या मागावर असतो. वर्षभरानं, डिसेंबर 1975 मध्ये, या खेळाच्या छोट्या नियतकालिकात राक्षस अवतरला. तोही विश्वासातलं रूप घेणारा आणि मंतरलेल्या बाणानंच मरणारा. चोरी म्हणा, उसनवारी म्हणा, माग इतका ताजा आहे की पोलीस पाटलालाही काढता यावा.

पण मालिकेतला राक्षस केसाळ, अस्वलासारखा होता. वाघ नव्हता. 1977 च्या कोशात तो वाघाच्या तोंडाचा झाला, झगा घालून बसला, तोंडात चिलीम आली. चित्रकाराच्या हातातून जे उतरलं तेच पुढं जवळजवळ पन्नास वर्षं कायम झालं. हिंदुस्थान म्हटलं की वाघ, वाघ म्हटलं की महाराजा, एवढीच वाट त्या हाताला माहीत असावी. पुढच्या आवृत्त्यांत आणखी एक खोड आली. राक्षसाचे हात उलटे, तळवा जिथं असायचा तिथं हाताची पाठ. हे वाचून मला हसू आलं. आपल्या आजीनं भुताचे पाय उलटे सांगितले होते, यांनी राक्षसाचे हात उलटे केले. कुणी कुणाचं ऐकलं असेल असं मी म्हणत नाही. पण माणसासारखं दिसणाऱ्यात एखादा अवयव उलटा लावला की अंगावर काटा येतो, हे दोन्हीकडच्या आज्यांना ठाऊक होतं.

आता घरी या. औसा तालुक्यात खरोसा आहे. बसमधून टेकडी दिसते, पण उतरत कुणी नाही. सहाव्या शतकाच्या सुमाराच्या लेण्या, जांभ्यात खोदलेल्या. जांभा वेरूळच्या काळ्या दगडासारखा धार धरत नाही, पावसानं झिजतो, त्यामुळं तिथली शिल्पं विरघळत आलेल्या गुळासारखी दिसतात. तरी ओळखू येतात. तिथं नरसिंह आहे आणि रावणही आहे. भाच्याला मी तिथं घेऊन गेलो आणि म्हटलं, "यात जनावराचं तोंड कुणाला आहे ते सांग."

नरसिंहाला आहे, म्हणजे देवाला. राक्षसांचा राजा आपल्यासारखाच माणूस. डोकी जास्त, पण सगळी माणसाची.

इथं माझं म्हणणं सुरू होतं. आपल्या शिल्पांत जनावराचं डोकं आणि माणसाचं धड दिसलं, तर आधी हात जोडायचे. गणपती, मारुती, वराह, हयग्रीव, नरसिंह. आणि ज्याला मारायचं तो बहुतेक वेळा देखणा, दागिने घातलेला, पिळदार माणूस. वेरूळच्या पंधराव्या लेण्यात नरसिंह आणि हिरण्यकशिपू समोरासमोर उभे आहेत, आखाड्यात खडाखडी चालावी तसे. तिथं राष्ट्रकूट दंतिदुर्गाचा लेख आहे, आणि राष्ट्रकूट स्वतःला 'लत्तलूर' नगरीचे स्वामी म्हणवत. लत्तलूर म्हणजे आपलं लातूर. तेव्हा त्या लेण्यावर थोडा हक्क आपलाही लागतो. त्या जोडीत निव्वळ माणूस म्हणून बघाल तर नजर हिरण्यकशिपूवर जाईल, आणि भीती वाटेल ती देवाची.

ती भीतीही सगळीकडे सारखी नाही. रामटेकला वाकाटकांनी पाचव्या शतकात बसवलेला नरसिंह एकटाच आहे. दोनच हात, एक गुडघा उभा करून निवांत बसलेला, मांडीवर कुणी नाही. कुणाला फाडून झाल्यावर बसलाय की अजून फाडायचंय, कळत नाही. हंपीचा 1528 चा, कृष्णदेवरायाच्या काळातला, डोळे वटारलेला आणि बावीस फुटांचा. देव तोच, गोष्ट तीच. कारागिरानं गोष्टीतला कोणता क्षण धरला त्यावर रूप ठरलं.

जाता जाता, हिरण्यकशिपूचा वर आठवा. माणसाकडून नाही, जनावराकडून नाही, घरात नाही, बाहेर नाही, दिवसा नाही, रात्री नाही. भाच्याच्या टोळीत असा एक पोरगा आहे म्हणे, नियमांचं पुस्तक पाठ करून बसलेला. आणि नरसिंह हा गोष्ट सांगणाऱ्याचा डाव. नियम एकही मोडला नाही, फक्त उंबरा शोधला.

कुणी अभ्यासू इथं हात वर करेल, आणि त्याचं बरोबर आहे. वाल्मीकीच्या सुंदरकांडात सीतेभोवती पहारा देणाऱ्या राक्षसिणींचं वर्णन आहे. त्यांत डुकराच्या तोंडाच्या आहेत, बोकडाच्या आहेत, म्हशीच्या आहेत आणि वाघाच्याही आहेत. म्हणजे त्या अमेरिकन चित्रकाराला आधार हवाच असता तर मिळाला असता. पण त्या पहारेकरणी आहेत, गर्दीतल्या. त्याच कांडात हनुमान दरबारात बसलेल्या रावणाला बघतो तेव्हा त्याच्या तेजानं क्षणभर दिपतो. कवीनं चित्रविचित्र तोंडं शिपायांना वाटली आणि मालकाला रूप दिलं. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. गावच्या राजकारणाचा अनुभव असल्याशिवाय सुचणार नाही.

वाघाचं म्हणाल तर त्याला आपण सहसा राक्षस केलं नाही. तो देवीचं वाहन. वाघबारस आपण पाळतो, आणि रानाच्या वाटेवर वाघोबाला शेंदूर लागतो. लोहा तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाच्या जत्रेला गेलात तर अर्धा वाघ, अर्धा माणूस जिवंत भेटेल. वाघ्या! भंडाऱ्याची पिशवी अडकवलेला, पूर्वी ती व्याघ्रचर्माची असे. खंडोबाच्या दर्शनानं वाघाची माणसं झाली ते हे वाघ्ये, अशी कथा आहे. आणि ज्यांना खंडोबानं मारलं ते मणी-मल्ल कोण? तलवार चालवणारे वीर. त्यातला मणी शरण आला, आणि देवाच्या जवळ जागा मिळवून बसला. घोड्यांच्या बाजारात उभं राहून मी भाच्याला म्हटलं, तुझ्या पुस्तकात ज्या डोक्यावर तुम्ही बाण सोडता, ते इथं देवापुढं नाचतंय.

एवढं सगळं सांगून झाल्यावर माझ्या म्हणण्याला भोक पाडणारा एक प्राणी उरतो. रेडा.

महिषासुराला मात्र आपण जनावराचं डोकं दिलं. महाबलीपुरमला तो माणसाच्या धडावर रेड्याचं शिर घेऊन गदेनिशी उभा आहे. इतरत्र रेड्याच्या कापलेल्या मानेतून माणूस बाहेर येतो, देवी त्याची शेंडी धरते. आपल्याला हे तुळजापुरात दिसतं. मग इथं उलटं का झालं? एक उत्तर दामोदर धर्मानंद कोसंबींनी 1962 च्या 'मिथ अँड रिॲलिटी'त दिलं. त्यांच्या मते बांधावर शेंदूर लावून बसलेला आपला म्हसोबा म्हणजेच महिषासुर. गुराख्यांचा देव. आणि गंमत अशी की एका ठिकाणी देवी ज्याला मारते, त्याच्याशी दुसऱ्या ठिकाणी तिचं लग्न लागलेलं असतं. पुरंदरजवळच्या वीरला म्हस्कोबा आणि जोगूबाईचं लागतं तसं. म्हणजे रेड्याचं डोकंही आधी देवाचंच होतं. देवळातल्यांनी त्याला राक्षस ठरवलं, रानातल्यांनी ते कानावर घेतलं नाही.

ग्रीकांचा मिनोटॉर रेड्याचा चुलतभाऊ. बैलाचं डोकं, माणसाचं धड, चक्रव्यूहात कोंडलेला. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'नं आधी त्याला वाट चुकलेल्यांना खाणारं जनावर केलं. 1984 साली सुरू झालेल्या 'ड्रॅगनलान्स' नावाच्या त्यांच्या कथाविश्वात हेच मिनोटॉर दर्यावर्दी झाले, शब्दाला जागणारे, स्वतःचं राज्य असलेले. पुढं खेळणाऱ्यालाच मिनोटॉर होता येऊ लागलं. म्हसोबाचं जे झालं त्याच्या बरोबर उलट्या बाजूनं ते चालत आले. पण त्यांच्याही आधी, ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातल्या एका एट्रुस्कन पात्रावर कुणीतरी मिनोटॉरची आई पासिफेई राणी रंगवली आहे. तिच्या मांडीवर तान्हं मिनोटॉर आहे, शिंगं फुटायची आहेत. ते पात्र पॅरिसला आहे. मी फोटोच बघितलाय. तो बघितल्यापासून नरसिंहाची मांडी आठवली की हेही वासरू आठवतं.

मागच्या महिन्यात भाचा घरी आला. आता त्यांच्या टोळीत गोष्ट तो सांगतो. म्हणाला, वाघाचं डोकं काढून टाकलं. मी खूश झालो. मग त्यानंच विचारलं, "पण मामा, डोकं काढल्यावर राक्षस ओळखायचा कसा?"

म्हटलं, सीतेला आला होता का ओळखता?

पुढच्या रविवारी त्यानं खेळात एक वाडा घेतला. बाहेर पाऊस, दारात गोसावी उभा, ओलाचिंब, झोळी पसरलेली. चार खेळाडूंनी भिक्षा वाढायला फासा टाकला. पाचवा, तो नियम पाठ असलेला, म्हणाला, थांबा, मी आधी त्याचे हात बघतो आणि मग पाय.

भाच्यानं सांगितलं, सरळ आहेत.