पलटणीत जाण्याआधी अरबी

आज पदवी हाती घेणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

तुमच्यातले अनेक जण भरतीसाठी पहाटे उठून धावतात, हे मला इथे येण्याआधीच कळलं होतं. कुणी अग्निवीर व्हायचं ठरवलंय, कुणी सीडीएसचे पेपर सोडवतंय. सोळाशे मीटर, बीम, गणित, सामान्यज्ञान या सगळ्याचा सराव करून घेणाऱ्या अकादम्या कल्याण-डोंबिवलीत गल्लोगल्ली आहेत. माझं आयुष्य सैन्यात गेलं, आणि त्यातला काही काळ संयुक्त राष्ट्रांची निळी टोपी घालून दक्षिण लेबनॉनमध्ये. त्या जोरावर तुमच्याकडे एकच मागणं घेऊन आलोय. वर्दी अंगावर चढण्याआधी अरबी शिकायला लागा.

अरबीच का, हा प्रश्न रास्त आहे. आपल्या सीमेपलीकडे कुणी अरबी बोलत नाही. पण गेल्या सव्वाशे वर्षांत भारतीय सैनिक पुन्हा पुन्हा अरबी मुलखात गेला आहे. १९५६ ते १९६७ या काळात आपल्या तुकड्या गाझा पट्टीत आणि सिनाईत शांतिसेनेत होत्या. लेबनॉनमध्ये आपली पलटण १९९८ पासून आहे. २०१५ साली येमेनमध्ये बॉम्ब पडत असताना नौदलाच्या जहाजांनी माणसं बाहेर काढली. त्यांत आपल्या माझगाव गोदीत बांधलेली आयएनएस मुंबई होती. साडेचार हजारांहून जास्त भारतीय आणि साडेनऊशेंहून जास्त परदेशी नागरिक त्या मोहिमेत सुखरूप परतले. २०२३ मध्ये सुदानमधून पुन्हा तेच करावं लागलं. अशा वेळी बंदरावर, नाक्यावर, गर्दीत समोरचा माणूस काय ओरडतोय हे कळणारा एक जण तुकडीत असला, तर अनेकांचे जीव वाचतात.

आपल्या माणसांचं एक जुनं देणं इथे सांगायला हवं. पहिल्या महायुद्धात तुर्कांविरुद्ध मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, जी फौज पाठवली, तिचं नावच सहावी पुणे डिव्हिजन होतं. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१४ मध्ये पहिली तुकडी फावच्या किनाऱ्यावर उतरली. कोकणातली आणि देशावरची शेतकऱ्यांची पोरं होती ती. टायग्रिसच्या काठाने लढत लढत वर्षभरात ती टेसिफॉनला पोचली. तिथून बगदाद अवघं चाळीसेक किलोमीटर राहिलं होतं. तिथे मार खाऊन फौज मागे हटली आणि डिसेंबर १९१५ मध्ये कूत-अल-अमारा या गावात वेढली गेली. वेढा १४७ दिवस चालला. शिधा संपला, घोडे कापून खायची वेळ आली. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० जणांनी शस्त्रं खाली ठेवली. पुढच्या कैदेत आणि वाळवंटातल्या पायपिटीत त्यांतले हजारो मेले.

त्या वेढ्यात आपले शिपाई एकटे नव्हते. कूतमधले सुमारे ६,००० अरब रहिवासी त्याच गावात, त्याच उपासमारीत, त्याच तोफांखाली अडकले होते. पाच महिने एका गल्लीत राहणाऱ्या या दोन माणसांना एकमेकांशी बोलायला भाषा नव्हती. तिथल्या अरबी बोलीचं एक चांगलं पुस्तक, जॉन व्हॅन एस या बसऱ्याच्या मिशनऱ्याने लिहिलेलं, १९१७ मध्ये छापून आलं, म्हणजे कूत पडल्यावर. तेही इंग्रजीत. साताऱ्याच्या शिपायाला त्याचा काय उपयोग? युद्धानंतर बसऱ्याला स्मारक उभं राहिलं, त्यावर अधिकाऱ्यांची नावं कोरली गेली आणि भारतीय शिपायांचा फक्त पलटणवार आकडा आला. नाव नाही, त्यांनी तिथे काय ऐकलं आणि काय बोलले याची नोंद नाही. मला हे फार लागतं.

ही जुनी गोष्ट झाली असं समजू नका. २००३ मध्ये अमेरिकेने इराक घेतला. जगातलं सगळ्यात महागडं सैन्य त्यांचं. तीन वर्षांनी त्यांच्याच संसदेने नेमलेल्या अभ्यासगटाने अहवाल दिला: बगदादच्या अमेरिकी दूतावासात हजार माणसं, अरबी येणारी ३३, आणि सफाईने बोलणारी फक्त सहा. त्या देशात पुढे काय झालं ते तुम्ही वाचलेलं आहे.

आपल्या मातीतलाही एक प्रसंग आहे. उत्तर पेशवाईत मराठी सरदारांच्या पदरी अरब शिपाई असत. १८१८ च्या मे-जूनमध्ये इंग्रजांनी मालेगावच्या किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा आत लढत होते ते अरब. त्यांनी कडवी झुंज दिली. अखेर शरणागतीची बोलणी झाली. कर्नल मॅकडॉवेल यांना बिनशर्त शरणागती हवी होती. अरबांनी लेखी आश्वासन मागितलं, आणि तो कागद मुनशीने मराठीत लिहिला. मराठीत मजकूर असा उतरला की किल्ल्यातल्या माणसांच्या हिताचं जे असेल ते सरकार करील आणि त्यांच्या पगाराविषयीही लिहिलं जाईल. कर्नलच्या मनात होतं त्यापेक्षा हे बरंच जास्त होतं. पण सही झाली होती. इंग्रजांचा वरिष्ठ अधिकारी एल्फिन्स्टन याने कागदात लिहिलेलं पाळायचा निर्णय दिला. दोन्ही बाजूंना परकी असलेल्या भाषेतल्या एका कागदावर शेकडो माणसांचं भवितव्य ठरलं. लष्करात भाषा जाणणाऱ्याच्या हाती किती ताकद असते, हे शिकवायला मला याहून चांगला धडा सापडलेला नाही.

आता लेबनॉन. आपल्या पलटणीचा इलाखा हर्मोन डोंगराच्या पायथ्याशी, देशाच्या आग्नेय कोपऱ्यात. लेबनॉन आणि इस्रायल यांच्यामध्ये संयुक्त राष्ट्रांनी २००० साली आखलेली एक रेषा आहे, निळी रेषा म्हणतात तिला. काही ठिकाणी निळी पिंपं उभी आहेत, बाकी सगळा उघडा डोंगर. शेबा, कफर शूबा या गावांचे धनगर तिथे शेळ्या चारतात. शेळीला रेषा कळत नाही. धनगर तिच्या मागे चार पावलं जास्त गेला, तर पलीकडून बंदूक रोखली जाते. त्या क्षणी आपल्या जवानाने काय करायचं? हातवारे करून ओरडला तर धनगर बिथरतो. "काका, जरा थांबा, पुढे रेषा आहे," हे त्याच्या बोलीत सांगितलं तर तो थांबतो, आणि बहुतेक वेळा चहाही विचारतो.

त्या भागात भारतीय पलटणीला सगळ्यात जास्त कोण ओळखतं, माहीत आहे? आपले गुरांचे डॉक्टर. गावोगाव जाऊन ते गाई-शेळ्या तपासतात. शेळी किती दिवस खात नाही, कधी व्याली, काय चारलं, हे विचारता आलं की घराचं दार उघडतं, आणि शांतिसेनेचं अर्धं काम तिथेच होतं. दुभाषे असतात, पण ते प्रत्येक गस्तीबरोबर नसतात. सैनिकांच्या शब्दसंग्रहात "थांब", "हात वर", "खाली बस" ही वाक्यं पहिल्या पानावर असतात. माझं मत असं आहे की पहिल्या पानावर सलाम, पाणी, दुखतंय कुठे आणि मुलं किती हे हवं. हुकूम दुसऱ्या पानावर.

शिकायला किती वेळ लागतो? खोटं सांगणार नाही. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी अरबी सगळ्यात अवघड गटात ठेवली आहे, सुमारे २,२०० तासांचं शिक्षण. त्यांच्या सैन्याच्या भाषाशाळेत हा अभ्यासक्रम ६४ आठवड्यांचा आहे. भरती झाल्यावर एवढा वेळ तुम्हाला कुणी देणार नाही. म्हणून आता सुरुवात करा, हा माझा हट्ट.

लिपी भीतीदायक दिसते, पण अक्षरं २८ आहेत आणि महिनाभरात येतात. उजवीकडून डावीकडे लिहायचं, अक्षरं जोडताना रूप बदलतात, ऱ्हस्व स्वर बहुधा लिहिलेच जात नाहीत. घशातले "ऐन" आणि "हा" हे उच्चार ऐकून ऐकूनच बसतात. मग व्याकरणाची गंमत सुरू होते: क, त, ब ही तीन व्यंजनं म्हणजे लिहिण्याचं मूळ. त्यातून किताब, लिहिणारा तो कातिब, लिहायची जागा ती मकतब. असं एक मूळ कळलं की दहा शब्द हाती येतात. ज्यांनी शाळेत संस्कृतचे धातू घोकलेत, त्यांना ही रचना ओळखीची वाटेल.

खरी अडचण पुढे आहे. पुस्तकातली अरबी, जिला फुसहा म्हणतात, ती वर्तमानपत्राची आणि बातम्यांची. घरात ती कुणी बोलत नाही. "कसे आहात" हे बैरूतमध्ये "कीफक", कैरोत "इज्जय्यक", बगदादमध्ये "श्लोनक". साधं पाणी घ्या. इराकमध्ये "माय", सुदानमध्ये "मोया". म्हणून आधी फुसहाचा पाया घाला आणि मग एक बोली पक्की धरा. दोन-तीन बोली एकदम धरणाऱ्याची एकही धड होत नाही, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

शिकायचं कुठे? मुंबई विद्यापीठात अरबीचा विभाग आहे. दिल्लीत संरक्षण मंत्रालयाचं विदेशी भाषा विद्यालय १९४८ पासून चालतं, पचमढीला सैन्याच्या शिक्षण कोअरच्या महाविद्यालयात परकी भाषा शिकवतात आणि खडकवासल्याच्या एनडीएतही अरबी आहे. त्या एनडीएचं मुख्य भवन पाहिलंत तर पायऱ्या चढण्याआधी नाव वाचा: सुदान ब्लॉक. दुसऱ्या महायुद्धात सुदानच्या रक्षणासाठी भारतीय सैनिक लढले, त्या कृतज्ञतेपोटी सुदानने एक लाख पौंड दिले. त्यातून ही इमारत उभी राहिली, आणि ३० मे १९५९ रोजी सुदानच्या राजदूतांनी तिचं उद्घाटन केलं. त्याच मोहिमेत, मार्च १९४१ मध्ये, इरिट्रियातल्या केरेनच्या लढाईत पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण लढली होती. महाराष्ट्रात अधिकारी घडवणाऱ्या घुमटाखाली एका अरबी बोलणाऱ्या देशाचे पैसे आहेत, हे प्रत्येक मराठी कॅडेटला माहीत असावं.

पण तुम्हाला दिल्लीपर्यंत जायची गरज नाही. इथून मुंब्रा-कौसा रिक्षाच्या अंतरावर आहे. तिथे मशिदीत लहान मुलांना लिपी शिकवणारे उस्ताद आहेत. सौदीत, कुवेतमध्ये, ओमानमध्ये पंधरा-वीस वर्षं ड्रायव्हर, इलेक्ट्रिशियन म्हणून राबून परतलेली माणसं आहेत, त्यांच्या तोंडी आखाती बोली घोळते. लिपी पहिल्यांकडून घ्या, बोलणं दुसऱ्यांकडून. डोंबिवलीतून, खिडकाळीतून, दिव्यातून मुलं-मुली कौशाला भाषा शिकायला जाऊ लागली, तर सैन्याचं होईल ते होईलच, आपल्या या ठाणे जिल्ह्याचंही भलं होईल.

काही पालकांच्या मनात येईल, अरबी ही तर एका धर्माची भाषा. लेबनॉनमधले ख्रिस्ती अरबी बोलतात, द्रूझ अरबी बोलतात, त्यांची प्रार्थनाही अरबीत होते. आणि आपल्याच किनाऱ्याचा दाखला आहे. पूर्वी ठाणे जिल्ह्यात असलेल्या चिंचणीला शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा, संस्कृत ताम्रपट सापडला. त्यात राष्ट्रकूटांच्या वतीने संजाणचा कारभार पाहणारा अधिकारी एक ताजिक, म्हणजे अरब आहे, आणि त्याच्या संमतीने एका मठाला दान दिल्याची नोंद आहे. हजार वर्षांपूर्वी या किनाऱ्याला ज्या भाषेची भीती वाटली नाही, तिची भीती आज आपण का बाळगावी?

मुलींना वेगळं सांगतो. मे २०२५ मध्ये एनडीएतून पहिल्या १७ मुली बाहेर पडल्या. जानेवारी २०२३ मध्ये भारताने सुदान आणि दक्षिण सुदान यांच्या मधल्या अब्येईत महिला शांतिसैनिकांची तुकडी पाठवली. तिथल्या मिसेरिया टोळीच्या बायका अरबी बोलतात. घरात काय घडलं, रात्री कोण येऊन गेलं, हे त्या परक्या पुरुषाला सांगत नाहीत. तुम्हाला सांगतील, पण तुम्हाला समजलं तर. त्या कामाला तुमच्याशिवाय दुसरं कुणी नाही.

तुमच्यातले सगळेच भरती होणार नाहीत. अग्निवीरांतलेही चार वर्षांनी पंचवीस टक्केच कायम राहतील. बाकीच्यांच्या हाती काय उरेल याची चिंता तुमच्या आईवडिलांच्या चेहऱ्यावर मला इथून दिसते आहे. अरबी येत असेल तर विमानतळ, रुग्णालयं, जहाज कंपन्या, दूतावास, आखातातल्या कचेऱ्या या सगळीकडे तिची गरज आहे. वर्दी उतरली तरी ती भाषा तुमचीच राहते.

पदवीबद्दल तुमचं मनापासून अभिनंदन. महाविद्यालयाच्या संचालकांना माझी विनंती आहे की पुढच्या सत्रापासून इथे अरबीचा संध्याकाळचा वर्ग सुरू करावा आणि शिकवायला कौशातल्याच जाणकारांना बोलवावं. पहिल्या वर्षी शिकवणाऱ्यांच्या मानधनाचा भार मी उचलतो. ज्यांना नाव नोंदवायचं आहे त्यांनी आज घरी जाण्याआधी प्राध्यापकांकडे नोंदवावं.