ऋण, कर्तव्य आणि अनुमान

फ्रेंच भाषेत ‘दव्वार’ नावाचे एक नित्याच्या वापरातील क्रियापद आहे. त्याचे मूळ लॅटिन भाषेतील ‘देबेरे’ या क्रियापदात असून, त्याचा अर्थ ‘देणे लागणे’ असा होता. आजही एखाद्या फ्रेंच गृहस्थाला दुकानदाराचे शंभर युरो देणे असले, तर तो हेच क्रियापद योजतो. घेतलेले ऋण फेडलेच पाहिजे. तेव्हा ऋणातून कर्तव्याचा अर्थ निघाला, हे ओघानेच आले. हाच शब्द नाम म्हणून योजला, तर त्याचा अर्थ ‘कर्तव्य’ असा होतो आणि शाळकरी मुलांचा ‘गृहपाठ’ असाही होतो.

परंतु कर्तव्याबरोबर अनुमानाचे कामही या शब्दाकडे आले आहे. ‘इल आ द्यु पार्तीर’ या छोट्याशा वाक्याचा अर्थ काय करावा? ‘त्याला जावे लागले’, की ‘तो गेला असावा’? दोन्ही अर्थ शुद्ध आहेत. पहिल्या अर्थी जाणे ही घडलेली गोष्ट असून तिच्यामागे सक्ती आहे. दुसऱ्या अर्थी तो बोलणाऱ्याचा निव्वळ तर्क आहे. आधी वरिष्ठांच्या हुकुमाचा उल्लेख असेल, तर सक्ती समजावी. दाराला कुलूप दिसल्याचे सांगितले असेल, तर अनुमान समजावे. साक्षीदाराच्या जबानीचा अनुवाद करताना येथे गफलत झाली, तर तर्कालाच पुराव्याचे मोल येईल.

मराठीत वाक्यरचनाच हा भेद स्पष्ट करते. ‘त्याला’ जावे लागते. ‘तो’ गेला असावा. मात्र ‘जावे’ आणि ‘असावा’ ही भावंडेच होत. दोहोंतील प्रत्यय संस्कृत ‘तव्य’पासून आला आहे. त्याच ‘तव्य’ने ‘कर्तव्य’ हा शब्द दिला आणि ‘भवितव्य’ही दिला. संस्कृत नाटकांतील पात्रे ‘असे असले पाहिजे’ असा तर्क करताना ‘भवितव्यम्’ म्हणतात.

इतक्या दूरच्या भाषांनी एकच वाट का धरावी? सक्ती माणसाच्या कृतीला बांधते, तर पुरावा त्याच्या बुद्धीला. बंधन दोन्हीकडे आहे. मात्र बुद्धीचे बंधन नवा पुरावा येताच सुटू शकते. म्हणून ‘दव्वार’ कानी पडताच सुज्ञ श्रोत्याने प्रथम एवढेच पाहावे, की बोलणारा घडलेले सांगतो आहे की ताडलेले.