पदव्युत्तर वर्ग कोणाच्या मंजुरीचा?

(शहापूर व मुरबाड तालुक्यांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले भाषण)



आपल्या अभ्यासवर्गांचे विषय ठरलेले असतात. वनहक्क, कूळकायदा, पाणी, मजुरी. या वेळी निमंत्रकांनी मला 'पदव्युत्तर शिक्षणाचा कारभार' हा विषय दिला, तेव्हा हा प्राध्यापकांच्या घरचा प्रश्न असून कार्यकर्त्यांना त्यात काय रस, अशी शंका काहींनी बोलून दाखविली. शंका रास्त आहे. परंतु एम. ए.चा वर्ग कोठे निघावा, तेथे कोणी शिकवावे आणि काय शिकवावे, हे ठरविणारी जी यंत्रणा आहे, ती सार्वजनिक पैशाचे आणि सार्वजनिक सत्तेचे वाटप करीत असते. जेथे वाटप आहे तेथे राजकारण आहे, आणि तेथे आपण नसलो तर दुसरे कोणी असतेच.

मुरबाडच्या आतल्या एखाद्या गावची, बी. ए. झालेली मुलगी डोळ्यांसमोर आणा. मुरबाडला रेल्वे नाही. गावाहून एस. टी.ने मुरबाड, तेथून दुसऱ्या एस. टी.ने कल्याण, कल्याणहून लोकलने कुर्ला आणि मग बसने कालिना. व्याख्यान तासाभराचे आणि प्रवास दिवसाचा. शहापूरच्या मुलाला आसनगावला गाडी मिळते एवढाच काय तो फरक. म्हणून यातील बरीच मुले दूरशिक्षणाचा मार्ग धरतात. मुंबई विद्यापीठाने ही सोय १९७१ साली सुरू केली. तिने असंख्य नोकरदारांना पदवी मिळवून दिली, हे मी कृतज्ञतेने नमूद करतो. परंतु ज्याला वर्गाची, शिक्षकाची व ग्रंथालयाची सर्वांत अधिक गरज त्याच्याच वाट्याला टपालाने आलेली पुस्तके यावीत, याला सोय म्हणावे की वाटणी, याचा विचार करा.

हा प्रश्न आजचा नव्हे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले ते परीक्षा घेणारी संस्था म्हणून. शिकवावे महाविद्यालयांनी, परीक्षा घ्यावी विद्यापीठाने, अशी विभागणी होती. पहिल्या महायुद्धानंतर विद्यापीठाचे स्वतःचे पदव्युत्तर विभाग उभे राहू लागले. १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांच्याकडे समाजशास्त्र विभाग आला, त्यापाठोपाठ अर्थशास्त्रही आले. पुढे १९२४-२५ मध्ये चिमणलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखाली विद्यापीठ सुधारणा समिती बसली. तिच्यापुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपले लेखी निवेदन दिले. बाबासाहेबांनी सिडनहॅम महाविद्यालयात राजकीय अर्थशास्त्र शिकविले होते आणि कोलंबिया व लंडन येथील विद्यापीठे आतून पाहिली होती. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा होता की, पदवीचे शिक्षण महाविद्यालयाकडे आणि पदव्युत्तर शिक्षण विद्यापीठाकडे अशी फाळणी म्हणजे अध्यापन आणि संशोधन यांचीच फाळणी होय, व तिने दोहोंचे नुकसान होते. शंभर वर्षे झाली. ती फाळणी आज शहापूर आणि कालिना यांच्यामध्ये उभी आहे. पदवीपर्यंत शिकविणारा शिक्षक येथे आणि संशोधन करणारा तेथे.

आता मंजुरी कशी मिळते ते पाहू. हा भाग रूक्ष आहे, पण तो समजल्यावाचून पुढे जाता येणार नाही.

सध्या लागू असलेला कायदा म्हणजे २०१६ चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम. त्यानुसार विद्यापीठ पाच वर्षांचा बृहत् आराखडा करते. कोणत्या तालुक्यात कोणत्या विद्याशाखेचे महाविद्यालय वा अभ्यासक्रम हवा, हे त्यात नमूद होते. चालू आराखडा २०२४ ते २०२९ या काळासाठी आहे. हा आराखडा अधिष्ठाता मंडळ तयार करते, त्याला राज्य उच्च शिक्षण व विकास आयोगाची मान्यता लागते, आणि त्या आयोगाचे अध्यक्ष असतात मुख्यमंत्री. आराखड्यात ठिकाण असेल तरच संस्थेने अर्ज करायचा. विद्यापीठ छाननी करून शिफारस करते, शासन परवानगी देते आणि त्यानंतर संलग्नीकरणाचे काम पुन्हा विद्यापीठाकडे येते. पूर्वीच्या १९९४ च्या कायद्यात तर विद्यापीठाने शिफारस न केलेल्या अर्जालाही, अपवादात्मक परिस्थितीत व कारणे लेखी नोंदवून, परवानगी देण्याची मुभा शासनाने स्वतःकडे ठेवली होती. अपवाद ही फार प्रसवशील गोष्ट आहे, हे आपणांस सांगायला नको.

अभ्यासक्रमाचा मार्ग याहून वेगळा. अभ्यासमंडळ तो तयार करते, तो विद्याशाखेकडे जातो, तेथून विद्यापरिषदेकडे. कागदावर ही उतरंड चांगली आहे. ज्याने विषय शिकविला आहे त्यानेच तो ठरवावा, हे तिचे तत्त्व. परंतु या उतरंडीत बसते कोण? १९९४ च्या कायद्यात अधिष्ठाता निवडून येत असे. २०१६ च्या कायद्याने तो नेमला जाऊ लागला. अभ्यासमंडळावर निवडून आलेल्यांपेक्षा नामनियुक्तांची संख्या अधिक झाली. निवडणुकीत गटबाजी होते, जातीची आणि संघटनांची गणिते होतात, हे मी जवळून पाहिले आहे आणि त्याचे समर्थन करणार नाही. तथापि गटबाजीवर नेमणूक हा उतारा नव्हे. निवडून आलेल्या माणसाला निदान पाच वर्षांनी तोंड दाखवावे लागते. नेमलेल्याने आपले तोंड फक्त नेमणाऱ्याकडे ठेवले तरी पुरते.

एक जुनी गोष्ट सांगतो. तेव्हा मी परजिल्ह्यात, दुसऱ्या एका विद्यापीठाच्या कक्षेत नोकरीला होतो. त्याचे नाव घेत नाही. एका महाविद्यालयाने एम. ए.ची परवानगी मागितली होती आणि चौकशी समितीत मी सभासद होतो. ग्रंथालयात अर्थशास्त्राची पुस्तके नीट रचून ठेवली होती. मी सहज एक उघडले, तर आत शेजारच्या तालुक्यातील महाविद्यालयाचा शिक्का. दुसरे उघडले, तोच शिक्का. जेवणाच्या वेळी अध्यक्ष महाशय म्हणाले, "सर, मुलं आपलीच आहेत, पुस्तकं येतील हळूहळू." मी अहवालावर सही केली. पूर्ण वेळ शिक्षक नेमावा अशी एक ओळ तेवढी घातली. परवानगी मिळाली, ती ओळ कोणी वाचली नाही, आणि सही माझी राहिली. मुलांचे नुकसान होऊ नये म्हणून सही केली असे मी तेव्हा स्वतःला सांगितले. आज वाटते, नुकसान त्या सहीनेच केले.

कारण वर्ग मंजूर होणे आणि शिक्षक मंजूर होणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. येथे माझे अर्थशास्त्र थोडे वापरतो. नव्या शैक्षणिक धोरणानुसार दोन वर्षांचा एम. ए. अठ्ठ्याऐंशी श्रेयांकांचा, म्हणजे प्रत्येक सत्राला बावीस. प्रकल्प व कार्यानुभव वजा केले तरी दोन्ही वर्षांचे मिळून आठवड्याला तीसपस्तीस तास अध्यापन होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमाने सहायक प्राध्यापकाने आठवड्याला सोळा तास शिकवायचे. म्हणजे एका विषयाच्या एम. ए.ला दोन शिक्षक तर निव्वळ शिकविण्यासाठीच हवेत, आणि प्रबंधांचे मार्गदर्शन धरले तर तिसरा. राज्यात २००१ पासून नव्या महाविद्यालयांना व अभ्यासक्रमांना कायम विनाअनुदान तत्त्वावर परवानगी देण्याचे धोरण आले. त्याचा अर्थ असा की, शासन वर्गाला परवानगी देईल, शिक्षकाला पगार देणार नाही. मग तो वर्ग कोण चालवितो? बी. ए.चे तास संपवून थकलेला शिक्षक मानधनावर, किंवा तासिका तत्त्वावरचा तरुण, जो सेट-नेट उत्तीर्ण आहे, कधी पीएच. डी. झालेला आहे, आणि उन्हाळ्याच्या सुटीत ज्याला एक पैसाही मिळत नाही. हा तरुण कोणत्याही अभ्यासमंडळावर बसू शकत नाही. विद्यार्थ्याला तो जे शिकवितो त्याबद्दल त्याचे मत विचारणारी एकही जागा कायद्यात नाही.

संशोधनाच्या मार्गदर्शकाचेही तेच. आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा व सहायक प्राध्यापकाला चार पीएच. डी.चे विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्यांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. नियम विद्यार्थ्याच्या हिताचा आहे. परंतु जुने शिक्षक निवृत्त होतात, त्यांच्या जागा वर्षानुवर्षे भरल्या जात नाहीत, आणि मार्गदर्शकत्व मात्र पूर्ण वेळ नियमित शिक्षकालाच. तालुक्याच्या महाविद्यालयात संशोधन केंद्र निघायचे कसे?

आणि संशोधनाला विषय नाहीत, असे कोणी म्हणू नये. तानसा, मोडकसागर, भातसा ही मुंबईची तहान भागविणारी धरणे याच शहापूर तालुक्यात, आणि उन्हाळा लागला की टँकरची वाट पाहणारे पाडेही याच तालुक्यात. पाण्याच्या किमतीचा सिद्धान्त शिकविण्यासाठी याहून चांगली प्रयोगशाळा कोठे मिळेल? मुरबाडमधील धसई हे गाव डिसेंबर २०१६ मध्ये राज्यातील पहिले रोकडरहित गाव म्हणून जाहीर झाले, वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली. त्यानंतर तेथील दुकानदार, मजूर व आठवडे बाजार यांचे काय झाले, हा एम. ए.च्या प्रबंधाचा आयता विषय आहे. समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. तो शहापूरमधून जातो. त्याच्या भूसंपादनाचा पैसा कोणाच्या हाती आला आणि कोठे गेला? काळू धरणाच्या विस्थापनाचा प्रश्न आहे. शहापूर तालुका संपूर्ण व मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो, तेथे ग्रामसभांच्या अधिकारांचे काय झाले, हाही आहे. नव्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष काम वा क्षेत्रीय प्रकल्प यांसाठी चार श्रेयांक ठेवले आहेत. ते शहरातील कंपनीच्या कार्यालयातच मिळवावेत असे कोणी लिहून ठेवलेले नाही. ग्रामपंचायतीचे दप्तर आणि कातकरी वाडीवरील स्थलांतराची पाहणी यांनाही तो दर्जा मिळू शकतो. मात्र तसे मागणारा माणूस अभ्यासमंडळात हवा.

आपल्यातील काही मित्र म्हणतात की प्रत्येक तालुक्याला एम. ए.चे सर्व विषय द्या. मी याच्याशी सहमत नाही. शहापूरला महाविद्यालय आहे, मुरबाडजवळ शिवळे येथेही आहे. दोन्हीकडे दहा विषयांचे दहा दुबळे वर्ग काढण्यापेक्षा दोन तालुक्यांनी मिळून दोन-तीन विषय निवडावेत, त्यांना मंजूर, सवेतन, कायम पदे मागावीत, आणि मुलींसाठी वसतिगृह व एस. टी.ची वेळ मागावी. संख्येच्या आग्रहापायी आपल्याच विचाराच्या काही मंडळींनी विनाअनुदानित महाविद्यालये काढली आणि शिक्षकांना राबवून घेतले, हेही या व्यासपीठावर बोलले पाहिजे.

याउलट, 'ग्रामीण भागात गुणवत्ता राहणार नाही, म्हणून पदव्युत्तर वर्ग विद्यापीठाच्या आवारातच बरे', असा जो युक्तिवाद शहरातून येतो, तोही मला मान्य नाही. गुणवत्ता आवारात नसते, पूर्ण वेळच्या शिक्षकात असते. तो नेमा आणि मग मोजा.

आता करावयाचे काय? अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांच्या दहा जागा असतात. मुंबई विद्यापीठाच्या मागील अधिसभेची मुदत २०२२ मध्ये संपली, निवडणूक २०२३ मध्ये ऐन वेळी स्थगित झाली आणि अखेर २४ सप्टेंबर २०२४ रोजी, उच्च न्यायालयात जावे लागल्यानंतर झाली. सिंधुदुर्गापासून पालघरपर्यंत पसरलेल्या या विद्यापीठात मतदारयादी होती सुमारे साडेतेरा हजारांची! आपल्या दोन तालुक्यांतील पदवीधर त्यात किती, हे मी विचारत नाही, कारण या सभागृहात हात वर करायला सांगितले तर काय दिसेल ते मला ठाऊक आहे. नोंदणीचा अर्ज भरण्याची मोहीम आपण कधी घेतलीच नाही. आमदारकीच्या मतदारयादीसाठी आपण घरोघर फिरतो. ही यादी म्हणजे शिकलेल्यांचे प्रकरण, असे समजून सोडून देतो.

तेव्हा प्रत्येक गावाची पदवीधरांची यादी तयार करावी. पदवी प्रमाणपत्राची प्रत घ्यावी, कारण ऐन वेळी तीच सापडत नाही. पुष्कळांनी ती विद्यापीठातून आणलेलीच नसते. बृहत् आराखड्यात या दोन तालुक्यांसाठी काय नमूद केले आहे त्याची प्रत मागवावी, आणि दरवर्षीच्या योजनेआधी दोन्ही महाविद्यालयांतील शिक्षकांना, तासिका तत्त्वावरच्यांसह, एकत्र बसवावे. पहिली बैठक शहापूरला घेण्यास माझे घर मोकळे आहे. मुरबाडच्या मित्रांना परतीची शेवटची एस. टी. मिळेल अशा बेताने, दुपारी दोनला बसू.