दिवे बदलू नका

आमच्या वडिलांची जीप विकायची ठरली, तेव्हा गॅरेजवाला म्हणाला, "मागचे हे मिणमिणते दिवे काढून नवे बसवू, भाव येईल." मी त्याला थांबवलं.

पुढच्या जाळीला नऊ उभ्या फटी आणि बिजागरीवर उलटे फिरवून इंजिनावर उजेड पाडता येणारे दिवे, ही दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस किंवा फोर्ड जीपची खूण. नंतरच्या नागरी जीपला फटी सात. मागचे दिवे ब्लॅकआउटसाठीचे: जवळून ठिपके सुटे दिसतात, लांबून एकच. त्यावरून ताफ्यातला मागचा चालक अंतर राखत असे.

ते दिवे भंगारात गेले असते, तर गाडीची जन्मखूणच पुसली असती. तुमच्याही अंगणात जुनी जीप असेल, तर आधी दिवे नीट पाहा. आमची आम्ही विकली नाही.

गणपती बाप्पा मोरया!